केसपेपरावर नसलेला जोडीदार

कर्करोगाचे निदान पहिल्याच तपासणीत पुढच्या अवस्थेचे म्हणून समोर येते, तेव्हा रोग एका देहात असला तरी त्याचा भार त्याच दिवसापासून दोन माणसांवर पडतो, आणि त्यांपैकी दुसऱ्या माणसाची, म्हणजे पतीची किंवा पत्नीची, दखल रुग्णालयाच्या केसपेपरावर ‘सोबतचे नातेवाईक’ या एका ओळीपलीकडे सहसा घेतली जात नाही. गाठ किती सेंटिमीटरची आहे, वजन किती उतरले, हिमोग्लोबिन किती आहे, हे सारे त्या कागदांवर टिपलेले असते. जोडीदाराला झोप लागते का, त्याच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत की गडबडीत सुटल्या आहेत, घरी मुलांपाशी कोण आहे, हे विचारण्यासाठी मात्र रकाना नसतो. वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक आणि घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका यांच्या कामाचा बराचसा वेळ या न टिपलेल्या माणसाशी बोलण्यात जातो. त्या कामातून साचलेला अनुभव येथे मांडला असून त्यातील उदाहरणे ओळख पटणार नाही अशा बेताने दिली आहेत.

निदान ‘अचानक’ झाले असे कुटुंबीय सांगतात तेव्हा ते अक्षरशः खरे असते, कारण काही अवयवांचे कर्करोग फार काळ गप्प राहतात. स्वादुपिंड, पित्ताशय, बीजांडकोश आणि फुप्फुस यांच्या बाबतीत सुरुवातीची लक्षणे इतकी रोजच्या परिचयाची असतात, की पोट फुगणे हे गॅसेसचे, भूक मंदावणे हे पित्ताचे आणि कोरडा खोकला हा हवाबदलाचा म्हणून सोडून दिला जातो. फुप्फुसाच्या कर्करोगाला क्षयरोग समजून काही महिने त्याचीच औषधे चालू राहिल्याची उदाहरणे भारतात नेहमी आढळतात. रोगाची अवस्था ठरवताना गाठीचा आकार व आसपासचा फैलाव, जवळच्या लसीका ग्रंथींतील शिरकाव आणि दूरच्या अवयवांतील फैलाव अशा तीन गोष्टी पाहिल्या जातात. मूळ जागेच्या पेशी रक्तावाटे किंवा लसीकेवाटे यकृत, हाडे, मेंदू अशा लांबच्या ठिकाणी पोचून तेथे वाढू लागल्या, की त्याला मेटास्टॅसिस म्हणतात, आणि बहुतेक अवयवांच्या कर्करोगांत चौथी अवस्था म्हणजे हीच स्थिती होय. तोंडाच्या कर्करोगात मात्र, जो तंबाखू व गुटख्यामुळे महाराष्ट्रात फार दिसतो, गाठ जबड्याच्या हाडापर्यंत गेली तरी तिला चौथ्या अवस्थेत धरतात आणि अशा कित्येक रुग्णांवर रोग बरा करण्याच्या हेतूनेच शस्त्रक्रिया केली जाते. ‘चौथी स्टेज’ एवढे दोन शब्द कानी पडताच पुढचे काही ऐकू न येणाऱ्या जोडीदाराला हा फरक डॉक्टरांच्या खोलीबाहेर, शांतपणे, दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागतो. समाजसेवकाच्या कामाची सुरुवात अनेकदा येथूनच होते.

निदानानंतरचे पहिले काही आठवडे जोडीदार विचार करत नसतो, धावत असतो. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड गावच्या प्रयोगशाळेतून सोडवून आणणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, पेट स्कॅनची तारीख मिळवणे, रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जमवणे, कार्यालयातून रजा काढणे, या सगळ्या खटाटोपात एक प्रकारचा दिलासाही असतो, कारण हातात काम असेपर्यंत मनात काय चालले आहे ते पाहावे लागत नाही. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांपुढे याशिवाय राहण्याचा प्रश्न असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समितीची वास्तू यांसारख्या ठिकाणी जागा मिळाली, तर जळगाव किंवा नांदेडहून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळते आणि त्यासोबत आपल्यासारखीच माणसेही भेटतात. धर्मशाळेतल्या चुलीपाशी किंवा नळावर ज्या बायका एकमेकींना केमोनंतर तोंड आल्यावर काय खायला द्यायचे हे सांगतात, त्यांच्याइतका नेमका आणि वेळेवरचा सल्ला कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही, असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे मत आहे आणि ते रास्त आहे.

ज्या टाटा स्मारक रुग्णालयाभोवती हा परिसर उभा राहिला, त्याच्या उगमाशीही एका पतीचे दुःख आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. मेहेरबाई टाटा यांचे 1931 मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, निधन झाले. त्यांच्या उपचारांसाठी परदेशी जावे लागलेल्या दोराबजी टाटा यांनी पत्नीच्या स्मरणार्थ या रोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि 1932 मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. त्यानंतर टाटा न्यासाच्या पुढाकाराने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचे रुग्णालय सुरू झाले. पत्नीच्या आजाराने खचलेल्या माणसापाशी साधनसंपत्ती असेल तर त्याच्या शोकातून काय उभे राहू शकते, याचे ते उदाहरण आहे; पण त्या रुग्णालयाच्या पायरीवर फाइल मांडीवर घेऊन बसणाऱ्या बहुसंख्य माणसांपाशी शोकासाठी वेळही नसतो.

या सर्व काळात समाजसेवकांच्या कानी सर्वांत जास्त वेळा पडणारे वाक्य ‘पेशंटला काही सांगू नका’ हे होय. जोडीदार हे वाक्य बहुधा दाराशी, हात जोडून, रुग्ण आत येण्यापूर्वीच बोलतो, आणि त्यामागे प्रेमच असते, त्याविषयी शंका घेऊ नये. सत्य ऐकून माणूस हाय खाईल, औषध सोडेल, उरलेले दिवसही गमावेल, अशी ती भीती असते. कुटुंब आणि डॉक्टर मिळून रुग्णापासून सत्य लपवतात या व्यवहाराला समुपदेशनाच्या क्षेत्रात मूक संगनमत असे म्हणता येईल. अनुभव असा, की हे संगनमत फार काळ एकतर्फी राहत नाही. केस गळतात, केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवरची माणसे बोलतात, नातेवाइकांचे आवाज बदललेले असतात, मोबाइलवर औषधाचे नाव टाकले की सारे कळते. रुग्णाला कळलेले असते, आणि जोडीदार खचू नये म्हणून आता तोही न कळल्याचे दाखवू लागतो. एका घरात दोन माणसे एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांशी खोटे बोलत असतात आणि ज्या एका माणसापाशी आजवर सारे बोलता आले, नेमके त्याच्याशीच बोलणे दोघांनाही बंद होते. आजाराने येणाऱ्या एकटेपणात हा एकटेपणा सर्वांत टाळण्याजोगा आहे.

एस. टी. महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. पत्नीची कावीळ उतरत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांत पित्ताशयाचा कर्करोग यकृतात पसरल्याचे आढळले, अडलेले पित्त वाहते करण्यासाठी पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवण्यात आली, आणि डॉक्टरांनी पतीला बाजूला घेऊन परिस्थिती स्पष्ट केली. या गृहस्थांपाशी एक लांबट वही असे. नोकरीत रोजचे वेबिल भरण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असल्याने त्यांनी तिच्यात उभ्या रेघा मारून रकाने पाडले होते आणि औषधाची वेळ, ताप, उलटी, लघवीचा रंग, पोटात गेलेले अन्न यांची नोंद ते न चुकता करीत. डॉक्टरांना इतकी चोख माहिती क्वचितच मिळते. मात्र त्या वहीत त्यांच्या स्वतःच्या जेवणाचा रकाना नव्हता, आणि समाजसेविकेने सहज विचारले तेव्हा दुपारचे जेवण कित्येक दिवस झालेलेच नाही, असे निघाले. पत्नीला काही कळू देऊ नका, असे त्यांनी दोनदा बजावले. त्याच आठवड्यात पत्नीने ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला हळूच सांगितले, “मला कळलंय सगळं, पण ह्यांना सांगू नका हं, ते खचतील.”

अशा वेळी गुपित फोडण्याचा अधिकार समाजसेवकाला नसतो आणि ते फोडल्याने भलेही होत नाही. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिचा गाभा असा, की सांगण्याच्या आधी विचारावे: समोरच्याला किती ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. त्याप्रमाणे दोघांना एका खोलीत बसवून, दार लावून, पत्नीला एवढेच विचारण्यात आले, की आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते. तिने नवऱ्याकडे न पाहता सांगितले, की हा आजार जाणारा नाही, हे तिला स्टेंट बसवली तेव्हाच उमगले होते. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग ती म्हणाली, “आता तरी तुम्ही वेळेवर जेवत जा.” पुढच्या खेपेला आणलेल्या वहीत मागच्या बाजूने नवी पाने सुरू झाली होती: गोडा मसाल्याचे प्रमाण, भिशीचे कोणाकडून किती येणे, धाकट्या सुनेला द्यायच्या पाटल्या, गॅसच्या पुस्तकाची जागा. पत्नी सांगत असे आणि पती लिहून घेत असे. रोगाच्या वाटचालीत यामुळे काही फरक पडला नाही. पण शेवटचे काही महिने ती दोघे नवरा-बायको म्हणून जगली, आणि समुपदेशनाचे यश मोजायचे असेल तर ते यानेच मोजावे.

माणूस हयात असताना त्याच्या जाण्याचे दुःख सुरू होणे याला पूर्वशोक म्हणतात. एरिक लिंडमन या मनोविकारतज्ज्ञाने 1944 मध्ये शोकावरील आपल्या निबंधात ही कल्पना मांडली. युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना त्यांच्या मरणाची धास्ती इतकी लागून राहते, की सैनिक जिवंत परतला तरी मनाने त्याला आधीच निरोप दिलेला असतो, असे त्याचे निरीक्षण होते. पुढच्या अवस्थेतील कर्करोगात जोडीदाराचे मन असेच मागेपुढे हेलकावे खाते. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास मोजत रात्र काढणारी पत्नी पहाटे पुढच्या वर्षीच्या शाळेच्या फीचा हिशेब करू लागते, आणि आपण नवऱ्याला आत्ताच मेलेला धरून चाललो की काय, या विचाराने स्वतःचीच तिला किळस येते. ‘आता सुटका झालेली बरी’ हा विचार तर जवळजवळ प्रत्येक दीर्घ शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतो, आणि जवळजवळ कोणीच तो उच्चारत नाही. तो विचार सामान्य आहे, त्याचा प्रेमाशी विरोध नाही, हे समुपदेशकाने स्वतःहून, न विचारता सांगून टाकावे. ते ऐकताना समोरच्याचे खांदे सैल पडलेले दिसतात. अपराधाची दुसरी टोचणी मागच्या काळाची असते: खोकला सुरू झाला तेव्हाच का नेले नाही, सोनोग्राफी का टाळली. रोगाचे स्वरूपच लपून राहण्याचे असल्याचे येथे पुन्हा एकदा, नेमक्या शब्दांत सांगावे लागते, कारण पहिल्या वेळी ते ऐकले गेलेले नसते.

शुश्रूषेचा ताण देहावरही उतरतो. अमेरिकेतील वृद्ध दांपत्यांवरचा शुल्झ आणि बीच यांचा 1999 मधील अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो; आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांना मानसिक ताण जाणवत होता, अशांचा पुढील चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांच्या तुलनेत 63 टक्क्यांनी अधिक आढळला. हा अभ्यास केवळ कर्करोगापुरता नव्हता, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. मधुमेह असलेली पत्नी नवऱ्याच्या केमोच्या दिवशी स्वतःची गोळी विसरते, ही किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणूनच विचारून घ्यावी अशी आहे.

आधाराचा विचार करताना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे मराठीत ज्याला परिहार सेवा किंवा उपशामक उपचार म्हणतात, तिच्याविषयीचा एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. ‘आता काही करण्यासारखे उरले नाही’ असे झाल्यावर ज्या दारी पाठवतात ती ही सेवा, असे बहुतेक कुटुंबे समजतात आणि त्या विभागाचे नाव काढताच जोडीदाराचा चेहरा उतरतो. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि घरचा ताण या सर्वांवर एकत्रित उपाय करणारी ही वैद्यकशाखा आहे, आणि मूळ उपचारांबरोबर ती पहिल्या दिवसापासून चालू शकते. बॉस्टनमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेनिफर टेमेल यांच्या अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, त्यांना शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी द्यावे लागले आणि तरीही त्यांचे मध्यक आयुष्य 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने भरले. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, आणि वेदना ही देहाची, मनाची, कुटुंबाची व श्रद्धेची मिळून एकच असते, ही त्यांची समग्र वेदनेची कल्पना जोडीदाराला उपचाराच्या कक्षेत आणणारी आहे. भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांचे शुश्रूषागृह, 1986 मध्ये मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुइस डिसोझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ या नावाने उभारले. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र विनामूल्य चालते, आणि तेथे रुग्णासोबत घरचे माणूस राहून नळीतून अन्न भरवणे, जखम स्वच्छ करणे, कूस बदलणे शिकून घेते. ज्या पतीने आयुष्यात पत्नीची वेणीही घातलेली नसते तो तिच्या पाठीवरचा व्रण न थरथरता धुऊ लागतो, तेव्हा त्याची असहायता कमी झालेली स्पष्ट दिसते.

मॉर्फिनच्या बाबतीत मात्र जोडीदाराची भीती दुहेरी असते: सवय लागेल ही एक, आणि मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला ही दुसरी. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले तोंडाने घ्यायचे मॉर्फिन सुरक्षित, स्वस्त आणि परिणामकारक असते. त्याने येणारे बद्धकोष्ठ सांभाळावे लागते आणि त्यासाठी रेचक बरोबरच सुरू करतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील जाचक परवान्यांमुळे भारतात हे औषध दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. 2014 मधील दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी केली, तरी तालुक्याच्या गावी ते आजही सहजी मिळत नाही आणि वेदनेने कण्हणाऱ्या पतीला घरी ठेवून मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एस. टी.ने जाणाऱ्या स्त्रिया दिसतात. ही गोष्ट संतापजनक आहे.

पैशाचा विषय टाळून आधाराविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे नोंदणी करावी लागते. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेल्वेची सवलत रुग्णाबरोबर त्याच्या सोबत्यालाही मिळते. या सोयी पुष्कळांना माहीत नसतात किंवा कळतात तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात. अवघड प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. ज्या औषधाने दोन-तीन महिन्यांची भर पडेल आणि ज्याचा खर्च योजनेत बसत नाही, त्यासाठी एकुलते एक शेत विकावे का, हा निर्णय जोडीदाराने घ्यावा अशी सारे अपेक्षा करतात. ‘पैशाकडे पाहू नका’ असे सांगणारे नातेवाईक पैसे देत नाहीत. येथे रुग्णाला स्वतःला विचारणे हाच न्याय्य मार्ग आहे, आणि ज्या घरात सत्य दडवलेले असते त्या घरात हा मार्गच बंद झालेला असतो. लक्ष्मीतरूचा काढा, गव्हांकुराचा रस, अमुक गावचा वैद्य अशा सल्ल्यांचा मारा याच काळात होतो. त्याने पैसा आणि वेळ तर जातोच, शिवाय ते न केल्याबद्दलचा दोष पुढे आयुष्यभर जोडीदाराच्या माथी राहतो, म्हणून असा सल्ला देणाऱ्याने जरा थांबून विचार करावा.

पत्नी आजारी पडते तेव्हाचे चित्र आणि पती आजारी पडतो तेव्हाचे चित्र सारखे नसते, हे लपवण्यात अर्थ नाही. गंभीर आजाराच्या 515 रुग्णांवरील, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्री रुग्णांपैकी 20.8 टक्के स्त्रियांचे घटस्फोट किंवा विभक्त होणे घडले, तर पुरुष रुग्णांत हे प्रमाण 2.9 टक्के होते. महाराष्ट्रात गोष्ट न्यायालयापर्यंत क्वचित जाते; येथे आजारी सून ‘उपचारासाठी’ माहेरी पाठवली जाते, केमोला तिच्यासोबत भाऊ किंवा म्हातारी आई येते आणि नवऱ्याचा फोन हळूहळू बंद होतो. वहीत रकाने पाडणारे पती आहेत आणि ते थोडे नाहीत, हेही तितकेच खरे. पती आजारी असेल तर पत्नी सहसा सोडून जात नाही, पण तिच्यापुढे वेगळीच भीती उभी असते: बँकेचे खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर, विम्याची कागदपत्रे दिराकडे, सातबाऱ्यावर सासऱ्याचे नाव. तिला हे प्रश्न पडतात आणि विचारायची लाज वाटते, कारण ‘नवरा अजून आहे आणि हिला इस्टेटीची पडली’ असे कोणी म्हणेल ही धास्ती असते. म्हणून संयुक्त खाते, नामनिर्देशन, निवृत्तिवेतनाचे कागद, मृत्युपत्र यांचा विषय समाजसेवकाने स्वतः काढावा आणि रुग्णाच्या समक्ष काढावा. बहुतेक नवऱ्यांना त्याने हायसेच वाटते. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवावे की नाही याविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला असून जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी करण्यात आली आहे. दोन साक्षीदारांपुढे केलेला आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला असा कागद असला, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी निर्णयाचे ओझे एकट्या जोडीदारावर पडत नाही.

सहवेदना गटांचा, म्हणजे सारख्याच अनुभवातून जाणाऱ्यांनी एकत्र बसून बोलण्याच्या उपक्रमांचा, उपयोग मोठा आहे, पण त्यात निवड हवी. मुंबईत 1994 पासून काम करणाऱ्या व्ही केअर फाउंडेशनसारख्या संस्थांनी कर्करोगातून बऱ्या झालेल्या माणसांनाच स्वयंसेवक करून नव्या रुग्णांना धीर दिला, आणि ज्यांचा आजार बरा होण्याजोगा आहे त्यांच्यासाठी याहून मोठे बळ नाही. ज्याची पत्नी बरी होणार नाही त्याला मात्र ‘मी बरा झालो, तुम्हीही व्हाल’ हे वाक्य टोचते. त्याला अशा माणसाची गरज असते ज्याने जोडीदार गमावला आहे आणि तरी जो आज उठून डबा भरतो, कामावर जातो. असे भेटवून देणे रुग्णालयांत फार कमी होते. शेजारी, मित्र, भिशीच्या बायका, मंडळाचे कार्यकर्ते यांच्या बाबतीत अनुभव असा, की ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी डबा आमच्याकडून’ किंवा ‘गुरुवारी दुपारी मी बसते, तू झोपून घे’ असे म्हणणाऱ्याची मदत खरोखर पोचते.

मृत्यूनंतर तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. त्यानंतर पाहुणे जातात, परत करायची व्हीलचेअर आणि हवेची गादी कोपऱ्यात राहते, ठरलेल्या वेळेला औषध देण्यासाठी हात आपोआप उठतो, आणि ज्या रुग्णालयात महिनोन्‌महिने येणे-जाणे होते तेथून एकही फोन येत नाही, कारण रुग्णाची फाइल बंद झालेली असते. काही परिहार सेवा विभाग आणि हॉस्पिस मागे राहिलेल्या माणसाशी संपर्क ठेवतात. सर्वसाधारण रुग्णालयांत ही पद्धत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तरी आजही शेकडो खाटांमागे मोजकेच समाजसेवक असतात आणि त्यांचा दिवस योजनांचे अर्ज भरण्यात संपतो.

जोडीदाराची दखल घेण्यासाठी मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. पुढच्या अवस्थेच्या कर्करोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलीत जोडीदारासाठी एक वेगळे पान असावे. त्यावर त्याचे नाव, त्याचे स्वतःचे आजार आणि औषधे, त्याला रुग्णाच्या स्थितीविषयी काय सांगितले गेले, घरी मदतीला कोण आहे आणि मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी त्याला कोण फोन करणार, एवढ्या नोंदी असाव्यात. ज्या रुग्णालयांत कर्करोगावर उपचार होतात त्यांच्या अधिष्ठात्यांनी आणि विश्वस्तांनी हे पान आपल्या केसपेपरांना या वर्षी जोडावे, आणि ते भरण्यासाठी समाजसेवकांची रिक्त पदे भरावीत.